चेहरा धुऊन यावे

कोथरूडमधल्या त्या फ्लॅटच्या दारावर नावाची पाटी लहान होती आणि तिच्याखाली लावलेली दुसरी पाटी मोठी. मोठ्या पाटीवरचं अक्षर चित्रकलेच्या शिक्षकांचं असतं तसं रेखीव होतं. ‘रविवारचा वर्ग, दुपारी तीन ते पाच. फक्त पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांसाठी. वयाचा दाखला मागितला जाणार नाही, चेहरा पुरेसा आहे. येताना चेहरा धुऊन यावे.’

मी यवतमाळहून नोकरीसाठी पुण्यात आले होते. दोन हजार साल उजाडलं की जगभरचे कॉम्प्युटर तारखांचा घोळ घालणार अशी तेव्हा हवा होती, आणि तो घोळ निस्तरायला कंपन्या सापडेल त्या पोरापोरींना घेत होत्या. त्या लाटेत मलाही घेतलं. राहायला खोली हवी होती, म्हणून बाबांना घेऊन मी त्या दारात उभी होते. बाबांनी पाटी दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला, तिसऱ्यांदा वाचली आणि हळूच मला विचारलं, “इथं नेमकं काय चालते?”

दार बाईंनी उघडलं. मला त्या पहिल्या नजरेत पंचेचाळिशीच्या वाटल्या. गडद तपकिरी केसांचा सैल अंबाडा, फिक्या रंगाची सुती साडी, कानात लहान मोती. चेहऱ्यावर काही लावलंय असं म्हणता येईना आणि काहीच लावलेलं नाही असंही म्हणवेना. त्यांनी एक डोळा बारीक करून माझ्याकडे पाहिलं.

“तुझी डावी भुवई उजवीपेक्षा वर आहे. माहीत होतं का?”

“नाही, काकू.”

“काकू म्हणायचं नाही. बाई म्हणायचं. खोली आत आहे, पाणी सकाळी सहा ते आठ, आणि आरशासमोरची ट्यूबलाइट लावायची नाही. आरसा खिडकीपाशी आहे तो तिथंच राहील.”

त्यांच्या मागं वेताच्या खुर्चीत एक उंच, देखणे गृहस्थ पेपर वाचत बसले होते. ते पेपर खाली न घेता म्हणाले, “मला काका म्हटलंस तरी चालेल. माझ्याकडं नियम नाहीत.”

हे त्यांचे यजमान. त्या घरात मी चार वर्षं राहिले.

बाई मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या आणि मी गेले तेव्हा नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. शाळेतल्या मुलींना कंटाळा येईपर्यंत फळं आणि माठ काढायला लावून झाल्यावर त्यांनी मुलींच्या आयांकडं मोर्चा वळवला, असं काका म्हणायचे. खरं कारण वेगळं होतं, पण ते कळायला मला वेळ लागला. तोवर मी इतकंच बघत होते की दर रविवारी तीन वाजता सहा बायका धुतलेले, बिचकलेले चेहरे घेऊन येतात, हॉलमध्ये खिडकीकडं तोंड करून ओळीनं बसतात आणि बाई भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं एक मोठं अंडं काढतात.

“हा चेहरा. वीस वर्षांची असताना याच्यावर उजेड इथं पडायचा,” असं म्हणून त्या अंड्याच्या वरच्या भागात, गालाच्या उंचवट्यावर खडू फिरवायच्या. “आता तो इथं पडतो. नाकाच्या बाजूला, हनुवटीच्या कडेला. उजेड तोच आहे, जमीन खचली आहे. आपण जमीन वर आणू शकत नाही. उजेड वर नेऊ शकतो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी उठावं, चहा पाच वाजता आहे, तो घेतल्याशिवाय गेलात तरी चालेल.”

कुणी उठत नसे.

त्यांचे नियम ठरलेले होते आणि ते त्या पाढ्यांसारखे म्हणवून घ्यायच्या. आधी चेहऱ्याला ओलावा द्यायचा आणि तो मुरेपर्यंत गप्प बसायचं. पावडर नाकावर आणि कपाळावर, डोळ्यांखाली अजिबात नाही, कारण ती सुरकुतीत जाऊन बसते आणि हसलं की भेगा दिसतात. चमचमणारं काहीही लावायचं नाही. डोळ्याच्या खालच्या कडेला काजळ भरायचं नाही, त्यानं डोळा खाली ओघळतो. रेघ काढायची तर वरच्या पापणीला, आणि तीही शेवटी किंचित वर. गालाचा रंग हसल्यावर गोळा येतो तिथं नको, त्याच्या वर, कानाच्या दिशेनं. ओठांना आधी कडेनं पेन्सिल, नाहीतर लिपस्टिक बारीक रेघांमधून वर चढते. आणि केस काळेभोर रंगवायचे नाहीत. “डांबर ओतल्यासारखे केस केले की खालचा चेहरा दहा वर्षांनी म्हातारा दिसतो. तपकिरी करा. लोकांना वाटू दे की उन्हानं झालेत.”

सगळ्यांत जास्त वेळ त्या भुवयांवर घालवायच्या. वयाबरोबर भुवया शेवटाकडून विरळ होत जातात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. त्या बायकांना पेन्सिलनं एकेक केस काढायला शिकवायच्या. एखादीनं सरळ जाड रेघ ओढली की म्हणायच्या, “ही भुवई आहे की कुंपण?”

मेकअप हा शब्द त्या फारसा वापरत नसत. ‘चेहरा करणे’ म्हणायच्या. ‘चेहरा केल्याशिवाय दाराबाहेर जायचं नाही’ हे त्यांचं वाक्य होतं आणि ते त्या स्वतः आमच्या कुणाहीपेक्षा कडक पाळायच्या. सकाळी आठ वाजेपर्यंत त्या आपल्या खोलीतून बाहेरच येत नसत. चहा काका करायचे आणि कप दारात ठेवायचे. दार एवढंसं उघडायचं, हात यायचा, कप जायचा. आठला बाई पूर्ण होऊन बाहेर येत. त्या आधीचा त्यांचा चेहरा मी पहिली दोन-अडीच वर्षं पाहिलाच नव्हता.

त्यांच्याबरोबर दुकानात जाणं ही माझी रविवारी सकाळची करमणूक होती. बाजार नुकता खुला झालेला. लक्ष्मी रोडवर आणि कॅम्पात काचेची नवी दुकानं झाली होती, त्यांत परदेशी नावांच्या बाटल्या आणि त्यांच्यामागं उभ्या केलेल्या पॉलिश केलेल्या मुली. त्याआधी बाजारात फाउंडेशनच्या दोन-तीनच छटा मिळायच्या आणि त्या सगळ्या गुलाबी. बाईंनी कित्येक वर्षं त्या आणून घरी बशीत एकमेकींत मिसळून काम भागवलं होतं. त्यामुळं एवढ्या छटा एका ओळीत बघून त्या आधी हरखून जात आणि मग भांडायला लागत.

“ही छटा कुणाची आहे?” एकदा त्यांनी एका मुलीला विचारलं.

“मॅम, ये हमारा बेस्ट सेलर है. नॅचरल बेज.”

“नॅचरल असेल. पण या रंगाची बाई मला दाखवा. या रस्त्यावर सकाळपासून इतक्या बायका गेल्या, त्यांतली एक दाखवा.”

मुलगी त्यांच्या मनगटावर थोडं लावायला गेली. बाईंनी हात मागं घेतला. “मनगट घेऊन कोण हिंडतं? इथं लावा,” असं म्हणून त्यांनी जबड्याची कड पुढं केली, मग मला ओढत दुकानाच्या दारात उन्हात आल्या आणि म्हणाल्या, “बघ. मान वेगळी आणि तोंड वेगळं दिसतंय का?” दिसत होतं. आम्ही आत गेलो, त्यांनी रुमालानं जबडा पुसला, सगळ्यांत पिवळट छटेची बाटली घेतली आणि जाताना त्या मुलीला म्हणाल्या, “तू हुशार आहेस, पण तुझी लिपस्टिक तुझ्या आजीची आहे.” ती मुलगी पुढच्या महिन्यात आम्हाला बघून स्वतःच दारापर्यंत आली, बाईंना उन्हात उभं करायला.

उजेडाचं वेड त्यांना इतकं होतं की लग्नकार्यात व्हिडिओवाल्यांचा झगझगीत दिवा वळला की त्या खुर्ची उचलून चालू लागत. फोटोत कायम काकांना उजेडाच्या बाजूला उभं करायच्या आणि आपण सावलीत राहायच्या. मला ती चित्रकाराची लहर वाटायची.

वर्गात येणाऱ्या बायका तऱ्हेतऱ्हेच्या होत्या. बहुतेकींच्या बोलण्यात एकच सूर असायचा की अचानक सगळंच तरुण झालंय. बँकेत काउंटरवर कॉम्प्युटर आले, त्यांच्यामागं तेविशीतली पोरं बसली. नवऱ्यांच्या कंपन्यांत परदेशी साहेब आले आणि गच्चीवरच्या कोजागिरीऐवजी मोठ्या हॉटेलांत पार्ट्या होऊ लागल्या. अशाच एका पार्टीसाठी एक बाई आल्या होत्या. गोऱ्या, ठेंगण्या, बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळणाऱ्या. नवऱ्यानं गेल्या पार्टीला त्यांना नेलं नव्हतं. ‘तू आलीस की फार घरगुती वाटतं’ असं तो म्हणाला होता.

बाईंनी त्यांच्यावर चार रविवार घेतले. चौथ्या रविवारी खिडकीतल्या उजेडात त्या बसल्या होत्या तेव्हा मी हॉलमधून जाताना थबकले. कुठं काय लावलंय ते सांगता येत नव्हतं. त्या रात्रभर छान झोपून उठल्यासारख्या दिसत होत्या.

पुढच्या रविवारी त्या वर्गाच्या आधीच आल्या. बाईंनी विचारलं, “मग? काय म्हणाले?”

“काहीच नाही. त्यांच्या लक्षातच आलं नाही.”

“उत्तम,” बाई म्हणाल्या. “लक्षात आलं असतं तर आपलं काम चुकलं असतं. मेकअप दिसायला नको, माणूस दिसायला हवं. त्यांना तुम्ही दिसलात.”

“नाही हो बाई,” त्या शांतपणे म्हणाल्या, “त्यांना मी पण नाही दिसले.”

  बाईंनी खडू खाली ठेवला आणि आत जाऊन पाच वाजताचा चहा तीनलाच टाकला. त्या बाई त्यानंतरही येत राहिल्या. शिकायचं काही राहिलं नव्हतं. खिडकीपाशी बसायच्या, नव्या बायकांच्या भुवया भरायला मदत करायच्या.

माझी आई एकदा आठवडाभर राहायला आली होती. तिनं आयुष्यात पावडरीपलीकडं काही लावलं नव्हतं. बाईंनी दोन दिवस तिला येता-जाता न्याहाळलं. तिसऱ्या दिवशी आईच म्हणाली, “मले काही लावू नका हो बाई. या वयात काय शोभते?”

“लावणार नव्हतेच. तुम्हाला काही करायची गरज नाही.”

आईचा चेहरा पडला. थोडा वेळ ती भाजी निवडत राहिली आणि मग म्हणाली, “का बरं? माझ्यात काही सुधारण्यासारखंच नाही का?”

काका खुर्चीत इतके हसले की त्यांना ठसका लागला. बाईंनी आईला खिडकीपाशी बसवलं आणि फक्त भुवया भरल्या, आणखी काही नाही. आई यवतमाळच्या गाडीत बसली तेव्हा पहाट होती आणि भुवया कधीच पुसल्या गेल्या होत्या. तरी ती खिडकीच्या काचेत वळून वळून बघत होती.

काका एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. मोठ्या टेबलावर टी-स्क्वेअरची पट्टी लावून यंत्रांच्या भागांचे आराखडे काढायचे. मी राहायला गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी कारखान्यानं ती टेबलं काढून कॉम्प्युटर आणले आणि काकांना स्वेच्छानिवृत्ती दिली. “स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी,” असं ते सांगायचे. घरी बसल्यावर त्यांनी गॅलरीत झाडं लावली, बाईंच्या फळ्याला नवी चौकट केली आणि रविवारच्या चहाचा ताबा घेतला. वर्गातल्या बायकांना ते फार आवडत. उंच, सरळ, काळ्या केसांचे, हळू आवाजात चेष्टा करणारे. बाई त्यांना ‘अहो’ म्हणत आणि घरातही फार अदबीनं बोलत. मला त्या अदबीचं थोडं नवल वाटायचं, कारण बाकी जगाशी त्यांची अदब बेतास बात होती.

ती अदब मोडली तो दिवस मला चांगला आठवतो. सकाळी सात-साडेसातची वेळ, मी डबा भरत होते. गॅलरीत झारी पडल्याचा आवाज झाला. मी गेले तर काका कुंड्यांमध्ये बसल्यासारखे पडले होते, तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं. मी हाक मारली आणि बाईंच्या खोलीचं दार सताड उघडलं. त्या धावत आल्या. एक भुवई काढलेली, एक नाही. त्या त्यांच्यापाशी खाली बसल्या, दोन्ही हातांत त्यांचा चेहरा धरला आणि म्हणाल्या, “अरे, ऐकतोयस का? इकडं बघ. माझ्याकडं बघ रे.”

त्यांना अरे-तुरे करताना मी पहिल्यांदाच ऐकलं. आम्ही दवाखान्यात पोचलो, डॉक्टरांनी पक्षाघात आहे, जीव वाचेल, असं सांगितलं, तोपर्यंत दुपार झाली. बाई बाहेरच्या बाकावर तशाच बसल्या होत्या, एका भुवईच्या. मी त्यांना पाणी दिलं. त्या प्यायल्या आणि न विचारताच बोलायला लागल्या.

“मी सात वर्षांनी मोठी आहे त्यांच्यापेक्षा. तुला माहीत नव्हतं ना?”

मला माहीत नव्हतं.

काका त्यांच्या मैत्रिणीचे धाकटे भाऊ. लहानपणापासून ‘अरे’ म्हणायची सवय, ती लग्नानंतर त्यांनी मोडली. घरच्यांनी दोन वर्षं बोलणं टाकलं होतं, ते पुढं निवळलं. पण लग्नाच्या पहिल्या महिन्यात दोघं तुळशीबागेत गेले असताना एक दुकानदार सहज म्हणाला होता, “ताई, भावाला जरा बाजूला उभं राहायला सांगा, गिऱ्हाइकांची वाट अडते.” काका रस्ताभर हसत आले. बाई हसल्या नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी आरसा खिडकीपाशी नेला.

“त्यांनी कधी एका शब्दानं म्हटलं नाही मला,” बाई म्हणाल्या. “पण मी ठरवलं की पुन्हा कुणाला तसं म्हणायची वेळ येऊ द्यायची नाही. आणि नाही आली. तीस वर्षांत एकदाही नाही.” हे सांगताना त्यांचा हात सारखा त्या न काढलेल्या भुवईवर जात होता.

दुसऱ्या दिवसापासून त्या पूर्ण चेहरा करून दवाखान्यात जाऊ लागल्या. काकांनी डोळे उघडले की त्यांना नेहमीचीच माणसं दिसायला हवीत, असं त्यांचं म्हणणं. काका पार उतरले होते. गाल बसलेले, दाढीचे पांढरे खुंट, उजवा हात निर्जीव, बोलणं अडखळत. आठवडाभरानं एक नवी नर्स आली. तिनं काकांची चादर बदलली आणि बाईंना म्हणाली, “ताई, तुमच्या बाबांचा दुसरा शर्ट आणलाय का?”

मी बाईंकडं पाहिलं. काकांनीही ऐकलं होतं. त्यांनी मान भिंतीकडं वळवली. बाईंनी पिशवीतून शर्ट काढला, त्याच्या घड्या उगाचच हातानं सारख्या केल्या आणि म्हणाल्या, “ते माझे यजमान आहेत.” नर्स ओशाळली, ‘सॉरी’ म्हणाली, कामाला लागली. 

काका घरी आले. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलानं सांगितलं की आता काठी घेऊन रोज संध्याकाळी बाहेर चालायला हवं, घरात बसून पायात जोर येणार नाही. काका तयार होईनात. आज उद्यावर, उद्या परवावर. बाईंनी आधी समजावलं, मग रागावल्या. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. काकांचे शब्द जड, तुटक येत होते, पण कळत होते.

“तुझ्याबरोबर... नको. लोक बघतात.”

“काठीकडं बघतात. बघू द्या.”

“काठीकडं नाही. आपल्याकडं. तू माझी... मुलगी दिसतेस.” आणि मग, “इतकी वर्षं तुला कसं वाटायचं... ते आता कळतंय.”



दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी चहा टाकला आणि मागं पावलं वाजली. बाई होत्या. मी क्षणभर ओळखलंच नाही. चेहरा लहान झाल्यासारखा, भुवया जवळजवळ नाहीतच, गालांवर तपकिरी डाग, ओठ फिके, डोळ्यांखाली मऊ पिशव्या. एकसष्ट वर्षांची बाई. मी बघतच राहिले असेन.

“बघत काय बसलीस, दूध उतू जाईल.”

त्याच दिवशी त्या कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये गेल्या आणि रंगवलेले केस सगळे कापून टाकायला सांगितलं. पार्लरवाली दोनदा म्हणाली, विचार करा. “विचार करूनच आले आहे,” बाई म्हणाल्या. मुळाशी फुटलेले दोन बोटं पांढरे केस तेवढे डोक्यावर राहिले. घरी आल्यावर काकांनी त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं. त्यांचा चांगला हात खुर्चीच्या दांडीवरून उठला, पुन्हा खाली बसला.

“माझ्यासाठी... करू नकोस.”

“तुमच्यासाठी कोण करतंय? मला कंटाळा आला. तीस वर्षं रोज पाऊण तास. चप्पल घाला.”

ते खरं की खोटं, मी कधी विचारलं नाही. पण चप्पल त्यांनीच वाकून काकांच्या पायात घातली, आणि त्या संध्याकाळी दोघं इमारतीच्या फाटकापर्यंत जाऊन आले.

रविवारचा वर्ग बंद होईल असं मला वाटलं होतं. तीन वाजता बायका आल्या, बाईंना बघून दारातच घुटमळल्या. एकीनं धीर करून विचारलं, “बाई, बरं नाही का तुम्हाला?”

“मी बरी आहे. हा माझा चेहरा आहे. बसा.”

त्यांनी फळा पुसला पण अंडं काढलं नाही. खिडकीसमोर खुर्ची ठेवून त्या स्वतःच बसल्या आणि आपल्या चेहऱ्याच्या उजव्या अर्ध्या भागावर काम करायला लागल्या. डाग कसा झाकायचा, तो झाकताना आजूबाजूची कातडी कशी मोकळी सोडायची, नसलेली भुवई कुठून सुरू करायची, सगळं सांगत सांगत. मग आरसा बायकांकडं दिला आणि डावी बाजू त्यांच्याकडून करून घेतली. मी इतकी वर्षं तो वर्ग पाहत होते, पण त्या दिवशी मलाही पहिल्यांदा नीट समजलं की बाई काय करत होत्या. पाच वाजता त्या पुन्हा पंचेचाळिशीच्या झाल्या होत्या, फक्त डोक्यावर पांढरे आखूड केस.  मग बाई उठल्या, मोरीत गेल्या आणि साबणानं तोंड धुऊन आल्या.

“अहो, पुसलंत कशाला? इतका छान झाला होता,” एकजण कळवळून म्हणाली.

“वर्ग संपला,” बाई म्हणाल्या. “आणि आम्हाला फिरायला जायचंय.”

तेव्हापासून दर रविवारी असंच. तीन ते पाच त्या तरुण होत, पाचला तोंड धुवत, आणि काकांचा हात धरून जिना उतरत. काही बायका यायच्या थांबल्या. जी स्वतःच म्हातारी दिसते ती आपल्याला काय शिकवणार, असं खाली कुणी तरी म्हटल्याचं माझ्या कानावर आलं. बाईंच्याही आलं असणार. सहाच्या चार झाल्या, चारच्या तीन. नवऱ्याला न दिसलेल्या त्या बाई मात्र शेवटपर्यंत आल्या, आणि बाईंची डावी भुवई काढायचं काम त्यांच्याकडंच असायचं.

पुढं माझं लग्न झालं, मी विश्रांतवाडीला राहायला गेले आणि मग कंपनीनं बाहेरदेशी पाठवलं. काका त्यानंतर बरीच वर्षं जगले, चालत राहिले. बाई त्यांच्यानंतर दोन वर्षांनी गेल्या. मला निरोप उशिरा मिळाला. फ्लॅट कुणी घेतला, पाटीचं काय झालं, काही माहीत नाही. कधी आरशासमोर चेहरा नकळत खिडकीकडं वळतो, तेवढंच.

पण त्या दोघांची आठवण आली की मला घरातलं काही दिसत नाही, पौड रोड दिसतो. मी ते घर सोडायच्या थोडे दिवस आधीची गोष्ट. काका आता फाटकाच्या पलीकडं, मुख्य रस्त्यापर्यंत चालू लागले होते. त्या संध्याकाळी मीही बरोबर होते. रस्ता ओलांडायचा होता आणि ऑफिसं सुटलेली. दुचाक्यांची नुसती रीघ, कुणी थांबायला तयार नाही. काका काठी टेकून उभे, बाई त्यांच्या कोपराला धरून. दोनदा पाऊल पुढं टाकलं, दोनदा मागं घेतलं.

तेवढ्यात एक मुलगी स्कूटीवरून आली, तोंडाला रुमाल गुंडाळलेली, फक्त डोळे दिसणारी. तिनं आम्हाला पाहिलं, सरळ स्कूटी रस्त्यात आडवी घातली, मागच्या सगळ्यांचे हॉर्न अंगावर घेतले आणि ओरडून म्हणाली, “आजी-आजोबा, या आरामात. मी थांबलीये.”

आम्ही निघालो. रस्त्याच्या मधोमध पोचलो आणि काका थांबले. मला वाटलं पाय लटपटला. पण त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते, तोंडाची एक बाजू वर जाणारी, दुसरी जागच्या जागी.

“ऐकलंस?”

“ऐकलं. चला, ती पोरगी शिव्या खातेय आपल्यापायी.”

“काय म्हणाली?”

“आजी-आजोबा म्हणाली.”

“आधी... काय म्हणाली?”

बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. चारी बाजूंनी हॉर्न वाजत होते, संध्याकाळचं ऊन थेट बाईंच्या चेहऱ्यावर होतं, आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

“आधी आजी म्हणाली,” त्या म्हणाल्या. “म्हणणारच. मोठी आहे मी तुझ्यापेक्षा.”

मग त्यांनी काकांचा हात आपल्या हातात नीट घेतला आणि दोघं रस्ता ओलांडून गेले. मी स्कूटीवरच्या मुलीला हात केला आणि त्यांच्या मागून चालू लागले.